उपरण्याखालचा आकडा

उन्हात तापलेल्या कापसाला वास असतो, हे तुम्हांला कोणी सांगितले आहे का, बाळांनो? कोरडी माती, सरकीतले तेल आणि बैलांचा श्वास यांचा मिळून झालेला तो ऊबदार वास! परवा कपाट आवरताना जुन्या उशीची शिवण उसवली, बोटांना कापूस लागला, आणि क्षणात मी माझ्या माहेरच्या, वर्ध्याजवळच्या सिंदीच्या बाजारात जाऊन उभी राहिले. मनू, तुझा प्रश्न मनात होताच. तुला इंग्रजी वाङ्मयाची पदवी घ्यायची आहे, घरातली मोठी माणसे नाखूश आहेत, आणि तू मला विचारतेस, 'आजी, त्या पदवीने तुला पैसे किती मिळाले गं?' पैशाचा प्रश्न क्षुद्र आहे, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी तो सुटलेला असतो, त्यांनाच तसे म्हणणे परवडते. पण मला सगळे क्रमाने सांगायची सवय, तेव्हा आधी बाजार.

माझे वडील कापसाचे दलाल. बैलबंडीतून मूठभर कापूस उचलून दोन अंगठ्यांत ते तो असा अलगद ओढत, की धाग्याची लांबी जणू त्यांच्या नखांनाच कळे. भाव मात्र तोंडाने कोणी बोलत नसे. घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या हातांवर उपरणे पडे, आणि त्याच्या अंधारात बोटे बोटांशी बोलत. किती बोटे धरली, कशी दाबली, यावर आकडा ठरे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी तो दोघांपलीकडे जात नसे. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी आणि धाकटी कुसुम हा खेळ खेळत असू. एक बोट, दोन बोटे, सगळी मूठ! अंकगणित मी पाटीवर नाही, बाबांच्या तळहातावर शिकले.

पन्नासच्या दशकाची ती अखेरची वर्षे. नागपुरास मावशीकडे राहून मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि घरी परतून अर्ज करू लागले. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांना ते सारे व्यर्थ वाटे. 'इंग्रज गेला बोरियाबिस्तर घेऊन, अन् हे पोरगी त्याची बोली शिकून राह्यली!' असे ते जेवताना पानावरून म्हणत. 'आपला सालदार अंगठेबहाद्दर हाये, पण पाडव्याले त्याचा भाव तरी होते. इच्या इंग्रजीले कोण इचारते?' मला त्याचे हसू येई. पण कुसुमला येत नसे. तिला पुढच्या शिक्षणासाठी वर्ध्याला पाठवायचे होते, आणि मोठेबाबांचा निर्णय झाला होता: थोरलीच्या शिक्षणाचे काय पीक येते ते दिवाळीपर्यंत पाहू; नाही आले, तर धाकटीची शाळा बंद. दिवाळी होऊन गेली. कुसुमने पुस्तके फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिली होती. ते गाठोडे दिसले की मी आणखी एक अर्ज लिहायला बसे. एखाद्या पोरीचे सारे भवितव्य दुसरीच्या पदवीच्या बाजारभावावर टांगलेले असावे, हा कुठला न्याय!

आणि मग एका सकाळी पत्र आले. वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या, आणि त्या बाई मी होते! पत्र मुठीत धरून मी थेट बाजारात धावले. बंड्यांच्या रांगांतून, धोतर-टोप्यांच्या गर्दीतून, डोक्यावरचा पदर सावरत. तिथवर तोपर्यंत आमच्या घरची बाईमाणसे गेली नव्हती. 'काऊन वं, काय झालं?' बाबा दचकून उठले. शेजारी मोठेबाबा होतेच. पत्र इंग्रजीत, दोघांनाही वाचता येणारे नव्हते. मी म्हणाले, 'बाबा, नोकरी लागली.' मोठेबाबांनी लगेच विचारले, 'देतेत किती?'

साऱ्या बाजाराचे कान माझ्याकडे लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिले, खांद्यावरचे उपरणे काढले आणि आपल्या हातावर टाकले. मी त्याखाली हात घातला. त्यांचा तळवा सरकीसारखा खरबरीत लागला. मी बोटे धरली, सोडली, पुन्हा धरली; आकडा सांगून झाला.

बाबांचा चेहरा उतरला! मला काही उमजेना. ते वाकून हळूच पुटपुटले, 'माय वं, इतक्या पैशात तर सालदारही काम सोडून जाईन.' तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. आमच्याकडे सालदाराच्या, म्हणजे शेतावरच्या गड्याच्या, कष्टाचा सौदा गुढीपाडव्याला होई, तो वर्षाचा. उपरण्याखाली हात जाताच बाबांच्या बोटांनी सवयीने माझे सारे वर्षच मोजले होते! 'सालाचे नाई बाबा,' मी त्यांच्या कानाशी म्हणाले, 'महिन्याचे.'

बाबांनी माझा सगळा पंजा घट्ट आवळला. या पकडीचा आकडा आमच्या खेळात कधीच नव्हता. मोठेबाबा उतावीळ झाले, 'अरे, कितीत पटला सौदा?' बाबांनी शांतपणे उपरणे झटकून खांद्यावर टाकले. 'भाऊ, उपरण्याखालचं तिसऱ्याले सांगतेत काय?' भोवतालची माणसे खदखदून हसली, आणि बाजाराचा हा नियम मोडणे मोठेबाबांनाही शक्य नव्हते. बाबा मला एवढेच म्हणाले, 'घरी जाय. कुसुमले सांगजो, गाठोडं सोड म्हणा.'

किती हलकी होऊन मी घरी परतले, काय सांगू! त्या पगारातून वर्ध्याला एक खोली झाली, कुसुमची फी झाली, दोघींचा स्वयंपाक झाला, आणि वर्षाकाठी एखादे पुस्तकही. पुढे कुसुम माझ्याहून जास्त शिकली आणि माझ्याहून जास्त मिळवू लागली. मोठेबाबांनी मात्र अखेरपर्यंत तो आकडा विचारला, आणि बाबांनी अखेरपर्यंत तो सांगितला नाही.

तेव्हा मनू, इथेही तो मी लिहीत नाही. उशी शिवून झाली आहे. बोटांना अजून थोडा कापूस चिकटलेला आहे. सुट्टीत येशील तेव्हा माझ्या शालीखाली हात घाल. मी सांगेन. आणि हो, महिन्याचा धर.