फवारणीत मीठ कमी

रत्नागिरीतल्या आमच्या घरमालक काकांचे हात कुणी बांधून ठेवले असते, तर ते जागच्या जागी मुके झाले असते. विहिरीवरून कळशी आणताना वाटेत कुणी "काय काका, बरं ना?" विचारलं, तर कळशी खाली ठेवल्याशिवाय त्यांना "बरं" म्हणता येत नसे. मासेवाली त्यांना पाहताच टोपली मागे ओढायची. "काका, भाव तोंडान करा हो! परवा माझे बांगडे गटारात गेले!" एसटीत कुणाला तरी वाट सांगायला त्यांनी दांडी सोडली, आणि एका अनोळखी मास्तरांच्या मांडीवर बसूनच ते हातखंब्याला पोचले. संध्याकाळी पडवीत एकटे बसले, की समोर कुणी नसतानाही हात चालूच. आळी म्हणायची, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं हे असंच.

माझं नेमकं उलटं. ऐंशी सालानंतर कधीतरी मी देशावरून तिथे नोकरीला आलो. काम काय, तर आंबा बागायतदारांना फवारणीवर भाषणं देणं. पहिल्याच भाषणात हातांचं काय करावं हे न कळून मी टेबल इतकं घट्ट धरलं, की खाली बसताना टेबलावरचं कापड, तांब्या आणि अध्यक्षांचा चष्मा माझ्याबरोबरच खाली आले. साहेब म्हणाले, "अहो, जरा नैसर्गिक हातवारे करा!" नैसर्गिक हातवारे आणायचे कुठून? मी सरळ चोरले. रोज संध्याकाळी खिडकीतून काकांचे पाहायचे आणि आरशासमोर घोकायचे.

पुढचं भाषण हातखंब्याजवळच्या एका शाळेत होतं. स्वतःची चार कलमं असल्यामुळे काकाही आले. "तुडतुडे मोहोरातला रस शोषतात" म्हणताना मी चिमूट जिभेला लावली. "वेळीच फवारा" म्हणताना हात झटकला. बागायतदार खूश! मागच्या रांगेत काका आधी खुसखुसले, मग ठसका लागेपर्यंत हसले, मग त्यांनी टॉवेलात तोंड लपवलं. शेवटी दोन्ही तळवे छातीकडे ओढून मी थांबलो, तेव्हा ते अर्धवट उठले आणि छातीवर हात ठेवून तो त्यांनी माझ्या दिशेने नेला. शाबासकी! मी वाकून ती स्वीकारली.

परतीच्या एसटीत म्हणाले, "मेल्या, हे कुठे शिकलास?"

"तुमच्याकडेच, काका. खिडकीतून."

"अरे, ही आमच्या हिची भाषा. तिला ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघांनीच घरात जुळवली, तिसऱ्या कुणाला येत नाही. विसरू नये म्हणून बोलतो पडवीत तिच्याशी, तिच्या वाटचंही मीच. तू सांगत होतास तुडतुडे, आणि तुझे हात म्हणत होते, आमटीत मीठ कमी! मांजर आलं, हाकला!"

"आणि शेवटचं?"

काकांचे हात मांडीवर गप्प पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"पान वाढलंय, जेवायला चला."

"म्हणून उठून शाबासकी दिलीत होय?"

"शाबासकी कसली रे! 'आलो' म्हटलं."

पुढे माझी बदली झाली. काकाही गेले. अजून भाषण संपवताना माझे हात आपोआप छातीकडे येतात. लोक टाळ्या वाजवतात. मी शेवटच्या रांगेकडे जरा वेळ बघत राहतो. "आलो" असं कुणी म्हणत नाही.