व्हर्नाची पाटी माझ्या अंगणात

व्हर्ना क्लिंगरने आमच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर शाळा मंडळावर निवडून आली, तीही चार वेळा. माझ्या ट्रेसीला बसमध्येच दम्याचा झटका आला, तेव्हा याच बाईने पोरांनी भरलेली बस थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण माझी पोरगी वाचली. हे आधी सांगतोय, म्हणजे मी काय लायकीचा माणूस आहे ते कळेल.

गेल्या वर्षी मतपत्रिकेवर मंडळाच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव छापायची टूम निघाली. अग्निशमन केंद्रात सभा भरली. व्हर्ना म्हणाली, "बसमध्ये चढणाऱ्या पोराला मी कधी विचारलं नाही, तुझा बाप कुठल्या पक्षाचा. मग मी कुणाची ते कशाला छापायचं?"

मीच उठलो. मोठा शहाणा ना! "अगं, छापू दे की! लोक काय आंधळे आहेत? माणसाचं नाव बघूनच मत देतील."

नियम झाला. व्हर्नाने पक्ष लावून घेतला नाही. तिच्यासमोर ब्रेंट कोलियर. दोन वर्षांपूर्वी गावात आलेला, इथल्या शाळेची पायरीही न चढलेला, पण आमच्या पक्षाचा. मी मात्र व्हर्नाच्या प्रचाराची पाटी माझ्या अंगणात रोवली, चांगली रस्त्याकडे तोंड करून.

मतदानाला गेलो आणि चाळीस वर्षांची खोड नडली. अख्ख्या पक्षाला, म्हणजे सगळ्या जागांवरच्या त्याच्या उमेदवारांना, एकदम मत देणारं वरचं बटण दाबलं. पूर्वी शाळा मंडळाची जागा त्यात नसायची; ती रिकामी राहिली की यंत्रच आठवण करून द्यायचं. या वेळी पक्ष छापलेला, म्हणून तीही कोलियरच्या नावाने भरली गेली. यंत्राने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. गाडीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

व्हर्ना अकरा मतांनी पडली. दुसऱ्या दिवशी आपल्या पाट्या गोळा करत माझ्या दारी आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हर्ना, मी काल..."

"राहू दे, डेल. मी बाहेरच उभी होते ना. तू आत गेलास काय, लगेच आलास काय! माझं नाव शेवटच्या पानावर होतं. एवढ्या वेळात तिथवर कुणी पोचत नाही."

ती पाटी उपटायला वाकली. "ट्रेसीची मुलगी कितवीत गेली रे?"

"दुसरीत."

"अरे वा."

जमीन थंडीने आवळली होती, पाटी निघता निघेना. मी तिथेच उभा होतो. हात पुढे करायचीही लाज वाटली.