दाजींचं बॉनेट

आमच्या दाजींना कुठलीही गोष्ट हात लावून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. थोरल्या आक्काचा हा नवरा. शिजत्या भाताचं झाकण काढणार, ओल्या रंगावर बोट टेकवणार. "ह्यांच्या हाताला खाज हाय," असं आक्का कुणासमोरही म्हणायची. दाजी आता नाहीत, पण आठवलं की अजून चिडचिड होते.

वडगावात त्यांच्या घरातच कापड विणायचे माग होते, पण जीव सगळा त्यांच्या वडिलांच्या जुन्या मोटारीत. तिच्या बॉनेटचा वरचा पत्रा आतल्या सांगाड्याला गमनं चिकटवलेला. तो गम वाळून सुटला होता. गाडीनं जरा वेग घेतला की पत्रा थडथडायचा आणि गल्ली हसायची. दाजींनी नाना गम लावले. आधी खालचा गंज घासायला नको का? त्याचा कंटाळा! वर मी तसं सांगितलं तर ऐट बघा, "मला मोटारीतलं तू शिकवतीस व्हय?"

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. सासर निपाणीचं. बापाच्याच गाडीतून सासरी जाणार, हा हट्ट पोरीचाच. फक्त म्हणाली, "अप्पा, तेवढं बॉनेट वाजू देऊ नका. माणसं हसत्यात."

तेव्हा कुठे स्वारी पिरनवाडीच्या पत्रेवाल्याकडे गेली. त्यानं जोड घासून लख्ख केला, नवा गम भरला, चिमटे आवळले आणि बजावलं, "उद्यापातूर हात लावायचा न्हाय."

पाठवणीला मी पाठराखीण म्हणून नवरा-नवरीबरोबर मागे बसले. काकती गाव ओलांडलं, गाडीनं वेग घेतला आणि थडथड सुरू! मागून येणारी वऱ्हाडी पोरं खिदळायला लागली. नवरीच्या डोळ्यांत पाणी. दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. तेवढ्यात नवरीच्या दिराची गाडी थांबली. नवरा-नवरी तिच्यात जाऊन बसली. तिसऱ्याला जागा नव्हती. गाडी निघूनही गेली.

"पत्रेवाला जेवायला गेलता," दाजी पुटपुटले. "चिमटं सैल करून जरासंच उचलून बघितलं गं. चिकटलंय का न्हाय ते."

असा संताप आला! "एक दिवस हात आवरला असता तर काय बिघडत होतं, दाजी?"

त्यांनी बॉनेट लावलं, मी पुढे येऊन बसले. रिकामी मागची सीट घेऊन आम्ही हळूहळू निपाणीच्या वाटेला लागलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "जाताना तिनं मागं वळून बघितलं का गं?"

"बघितलं की! हातसुद्धा केला," मी ठोकून दिलं.

पोरगी कुठली बघतेय!