गाठ बसली की फाईट

मागाखाली सुताची पिंज साठते ना, तसे आमच्या मल्लेशचे किस्से साठलेत. रोज झाडा, सकाळी पुन्हा आहेच! आमचा कंपू तिघांचा. मल्लेश, म्हणजे हातमागावर लुगडी विणणारा आणि तिकीट लावून होणाऱ्या बॉक्सिंगच्या फाईटी खेळणारा. घाडगे मास्तर, म्हणजे लढाईच्या वेळी बसऱ्याला गोऱ्या सार्जंटकडून बॉक्सिंग शिकून आलेले. आणि मी, शुक्रवार पेठेतला मॅट्रिक. इंग्रजी पत्रं लिहितो म्हणून सेक्रेटरी! ठोसे खायचा मल्लेश, 'आई गं' म्हणायचो मी.

*

मल्लेशचं वजन एकशेबारा रत्तलांच्या आत लागायचं. त्याला फ्लायवेट म्हणतात, हे मी त्याच्या आईला, अम्माला, मोठ्या ऐटीत समजावलं. "फ्लाय म्हणजे माशी, अम्मा!"

कांड्यांवर सूत भरता भरता अम्मानं माझ्याकडे पाहिलं. "नऊ म्हैने पोटात वागवला, तो माशी म्हनून?"

*

ग्लोव्ह्ज एकच जोड, मास्तरांनी बसऱ्याहून आणलेला. दर दसऱ्याला त्यावर झेंडूची फुलं. एकदा चुकून माझा पाय लागला, तर मास्तरांनी कान धरून ग्लोव्ह्जपुढं साष्टांग नमस्कार घालायला लावला. वर म्हणाले, "माज्या बायकूला शिवी दे एकवेळ. ह्यास्नी पाय लावू नगंस!"

घाडगे काकू तिथंच भाकरी थापत होत्या!

*

अम्माला मारामारी पसंत नव्हती, पण ती कधी ओरडली नाही. फाईटहून आलं की दारातच तुटलेल्या सुताची दोन टोकं पुढं करायची. "इला रा, हिकडं ये. गाठ मार." विणकराची गाठ म्हणजे मोहरीएवढी. बोटं सुजली असली की बसत नाही. बसली तर पुढची फाईट, नाही बसली तर कायमचं बंद! हा तिचा कायदा.

एकदा पुण्याहून येताना मल्लेशची बोटं केळ्यासारखी झालेली. कुर्डुवाडीला मास्तरांनी बर्फ मिळवला आणि सोलापूरपर्यंत हात त्यात दाबून ठेवला. माझं मेलं लक्ष सगळं त्या बोटांवर! पण दारात गाठ बसली. अम्मानं त्याची बोटं चाचपली.

"येवडी गार कशानं?"

"थंडी हाय की, अम्मा," मास्तर.

"वैशाखात?"

*

एकदा फाईटच्या दोन दिवस आधी वजन दीड रत्तल जास्त! मास्तर म्हणाले, "उद्या एकादशी हाय. धर उपास." नजर ठेवायला मल्लेशला माझ्या घरी ठेवला. असा धार्मिक मुलगा बघून माझी आई भारावलीच. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याचे लाडू!

दुसऱ्या दिवशी सूतबाजारातल्या काट्यावर वजन तीन रत्तल जास्त.

मास्तरांनी कपाळ धरलं. "आरं, उपास केलास का लगीन?"

"पानी मातर मोजून प्यालो की, मास्तर!"

मग भर उन्हात दोन घोंगड्या पांघरून त्याला पळवला. मागं सायकलवर मी. हा आता पडतो, मग पडतो! शेवटी काटा एकशेबारावर आला तेव्हा मल्लेश हसत होता, रडत मी होतो.

*

सोलापुरातच सर्कशीच्या तंबूत एका गोऱ्या सोल्जराशी फाईट. दुसऱ्या राऊंडला मल्लेशचे पाय गोठले. नुसता उभा! मास्तरांनी त्याला पाय टाकायला मागाच्या पावड्यांवरच, पायानं दाबायच्या फळ्यांवरच, शिकवलेलं. ते कोपऱ्यातून ओरडायला लागले, "खट-खटाक! खट-खटाक!" मागच्या बाकांवर सगळे विणकरच. त्यांनी बाकं बडवायला घेतली. अख्खा तंबू खट-खटाक! मल्लेशचे पाय असे सुटले की गोऱ्याला तो सापडेचना.

हरल्यावर गोऱ्यानं मला विचारलं, "हे कसलं म्युझिक?"

म्हटलं, "नऊवारी, सर!"

*

मग मुंबईची फाईट. सहा राऊंड, आणि जिंकला! पण कानशिलावर इतके बसले की पाचव्या राऊंडला मी डोळेच मिटून घेतले.

परतीच्या गाडीत मल्लेश म्हणाला, "मास्तर, तुमच्या शेजारचे पावने कुटं उतरनार?"

मास्तरांच्या शेजारी कुणीच नव्हतं. आम्ही हसलो. दौंडपर्यंत हसत होतो.

दौंड गेल्यावर त्यानं तांब्या पुढं केला. "त्यास्नी पानी द्या की."

मग कुणी हसलं नाही.

*

सकाळी घरी पोचलो. माझ्या खिशात मुंबईचं पत्र. पुढच्या महिन्यात थेट चॅम्पियनशी फाईट, फक्त होकार कळवायचा! मास्तर बसऱ्याहून आल्यापासून ह्याच पत्राची वाट बघत होते.

दारात अम्मा. सुताची दोन टोकं पुढं. "इला रा."

मी आधी बोटं बघितली. जराही सूज नाही! माझा जीव भांड्यात पडला.

मल्लेशची बोटं झरझर चालली. सुरेख गाठ मारली त्यानं. सुतापासून चार बोटं बाजूला, हवेत.

"बसली का, अम्मा?"

अम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. न बघता तिच्या बोटांनी गाठ मारली. "बसली की. चल, जेव."

मी मास्तरांकडे वळलो, तर मागं मास्तर नाहीत. परसात गेलो. तिथं चुलीवर खळीचा हंडा रटरटत होता, सुताला कडक करायला पीठ शिजवतात तो. मास्तर पुढ्यात उकिडवे बसून काठीनं ढवळत होते. खळीत दोन्ही ग्लोव्ह्ज वरखाली होत होते.

माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढं केला.

"सेक्रेटरी, ते पत्र आन हिकडं. जाळ कमी पडतोय."