गाणं संपल्यावर भाडं

गेल्या रविवारी लातूरहून अहमदपूरला निघालेल्या जीपमध्ये आम्ही नऊ प्रवासी होतो. ड्रायव्हरने लग्नातल्या नाचाच्या गाण्यांनी गाजलेल्या एका गायिकेचा दुसरा अल्बम लावला. "पहिल्यावानी मजा न्हाई, बदल," म्हणत लोक एकही गाणं पुरं होऊ देईनात. अर्धं ऐकून पूर्ण निकाल!

"एक तरी संपू द्या," मी चिडून म्हणालो.

"काका, तुमी घरी ऐका!" मागून एक पोरगा म्हणाला.

शेजारची अनोळखी बाई मान खाली घालून प्रत्येक गाणं ऐकत होती. तिचा फाटा आला. ती उतरली, पण दारावरचा हात काढेना.

"लग्नात नाचायला तिची गाणी लई गोड लागली. आता सोताचं दुखणं सांगून राहिली, तर ऐकवंना व्हय रे?"

"मावशी, साठ रुपये द्या, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"गाणं संपू दे, देते."

जीप थांबून राहिली. गाणं संपल्यावर तिने ड्रायव्हरला साठ रुपये दिले.