अझीमभाईंचा दगड

नदीकाठच्या बागेत एका दगडाजवळ जाताना अझीमभाई चपला काढायचे. मी नारायण पेठ सोडून येरवड्याला लेकाकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "अहो, हा कुठला पीर?"

"पीर नाही बाई, बेंचमार्क. इथली जमीन किती उंचावर आहे ते हा सांगतो."

दगडावर बाण कोरलेला, खाली नंबर. अझीमभाई सर्व्हेच्या खात्यात एकतीस वर्षं पट्टी धरायला होते. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि हे आकड्यांची उंच पट्टी दगडावर उभी धरणार. जोड्याचा चिखल दगडावर पडला तर आकडा खोटा येतो, म्हणून अनवाणी. इतका सरळ माणूस मी शाळेतल्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना माझा संताप होतो.

दोन वर्षांपूर्वी ठरलं, की ही बाग आणि पलीकडच्या काठावरची बाग पुलाने जोडायची. पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. अझीमभाईंच्या नातीला, मिसबाला, कोण आनंद झाला! तिचं कॉलेज पलीकडे. "नाना, पहिली सायकल माझी जाणार," असं तिने जाहीरच करून टाकलं.

खराडीच्या एका कंपनीतून सलिल नावाचा इंजिनिअर मोजणीला आला. जुन्या रजिस्टरात नोंदलेला दगड त्याला सापडेना. अझीमभाई त्याला हाताला धरून घेऊन गेले, दगड पाण्याने धुतला आणि म्हणाले, "हाच तो." सलिलने मशीन लावलं आणि दोन तासांत काम आटोपलं.

महिन्याभराने कंपनीने काठावर एक बांबू रोवला. पुलाचा तळ किती उंचीवर येणार ते कळावं म्हणून त्याला लाल फडकं बांधलं होतं. शेजारच्या जुन्या पंपघराच्या भिंतीवर मोठ्या पुराची रेघ आहे, तीही अझीमभाईंनीच रंगवलेली. फडकं त्या रेघेच्या अर्धा फूट खाली होतं.

"नौकाविहारासाठी आहे वाटतं पूल," मी म्हणाले. अझीमभाई हसले नाहीत. ते तिथेच खाली बसले.

आठ वर्षांपूर्वी बागेचं सुशोभीकरण झालं, तेव्हा जुना कठडा पाडला होता. त्यावरचा हा दगड राडारोड्याच्या ट्रकमधून चालला होता. नुकतेच निवृत्त झालेल्या अझीमभाईंनी मुकादमाच्या हातापाया पडून तो उतरवून घेतला आणि नव्या पायवाटेच्या कडेला स्वतः सिमेंटमध्ये बसवला. जुन्या जागेपेक्षा तीन फूट खाली. नोंद कुठेच नाही; रजिस्टरात उंची जुनीच, म्हणून पूलही तीन फूट खाली. त्यांच्या लेखी दगड वाचला, एवढंच खरं होतं. सलिलला दाखवताना आनंदाच्या भरात ते नेमकं तेच विसरले.

"बाई, माझ्या हातून खोटा आकडा गेला," ते म्हणाले.

आम्ही दोघं खराडीला गेलो. सलिलने सगळं ऐकून घेतलं. "काका, रेकॉर्डला तर असं काहीच नाही. बट ओके, मी बघतो."

आता "बघतो" म्हणजे नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला तर जास्तच.

रविवारी सकाळी ते पहार घेऊन बागेत गेले. त्यांच्या काळी बेंचमार्क नाहीसा झाला की काम थांबायचं आणि सगळी मोजणी नव्याने व्हायची. दगड निघताना दुभंगला. बाण एका तुकड्यावर, नंबर दुसऱ्यावर.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सलिल खरंच मशीन घेऊन आला. त्याने खड्डा पाहिला, तुकडे पाहिले.

"काका, हे काय केलंत? जुन्या कठड्याचा पाया अजून शिल्लक आहे. त्याच्याशी ताडून बघणार होतो मी. दगड खाली सरकलाय, याचं प्रूफ तो दगडच होता."

"मग नव्याने मोजा."

"आकडे कधीच कॉम्प्युटरमध्ये गेले. आता दगड असला काय, नसला काय, काम थांबत नाही. पुन्हा मोजायचं तर वरची परमिशन लागते, आणि ते पुरावा मागतात."

"मी आहे की पुरावा."

सलिलने मान खाली घातली. "आत्ता गेटवर कळलं, तुमच्यावर उद्यान खात्याने सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार केलीये, काका. तुमचं कोण ऐकणार?"

मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच आली, उत्तर एकालाही नाही. परवा खांबांचं काम सुरू झालं. लाल फडकं आहे तिथेच आहे. अझीमभाई आता बागेत येतात ते पायात चपला ठेवून.

काल मिसबा सायकलला नवी घंटी बसवत होती. अझीमभाई जवळ गेले आणि म्हणाले, "बेटा, तुला पोहता येतं का?"