ठीक दहा वाजता

आमच्या सणसरच्या घरात देव नव्हते, त्यामुळे देवाचा धाकही नव्हता. धाक होता तो वडिलांच्या घड्याळाचा. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मनगटावरचं चावीचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावायचे आणि दुपारी साखर कारखान्याचा भोंगा झाला की कारखान्याची वेळ बरोबर आहे का ते तपासायचे. कारखाना चुकला की त्यांना वाईट वाटायचं, पण तसं कळवायची काही सोय नव्हती.

त्यांचं खरं दुखणं म्हणजे लग्नं. गावात कुणाचंही लग्न असो, पत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापलेला असायचा आणि लग्न लागायचं ते पुढारी आल्यावर. पुढारी आधीची चार लग्नं उरकून यायचा, उशिराबद्दल माफी मागणारं लांबलचक भाषण करायचा आणि पाचव्या लग्नाला उशीर करायला निघून जायचा. आमचे लोकही यात मागे नव्हते. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा मुहूर्त बघणं सोडलं, उशीर तेवढा सोडायचा राहून गेला. ज्यांना मुहूर्तच नाही त्यांना वेळ पाळायला काय धाड भरलीय, असं आबा प्रत्येक मांडवात विचारायचे. लोक त्यांना पुढच्या रांगेत बसवून सरबत द्यायचे.

नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. ताई बारामतीला कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा संपल्यानंतरची तारीख धरली होती. पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटूनही झाल्या, आणि मग शेवटचा पेपर पुढे ढकलला गेला. तो नेमका लग्नाच्या दिवशी आला, दुपारी दोन वाजता.

आई म्हणाली, पेपर ऑक्टोबरात देता येईल. इंदापूरच्या सासरकडच्यांनीही मोठ्या मनानं तेच सांगितलं. लग्न झाल्यावर ऑक्टोबरात पेपर देईन म्हणणाऱ्या पुष्कळ मुली आबांना ठाऊक होत्या. दिलेली एकही ठाऊक नव्हती. ताई आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर होणार होती, आणि ती गोष्ट एका पेपरावर येऊन थांबली होती.

"मुहूर्त न्हाय, मंग अडचण काय?" आबा म्हणाले. "धाला लगीन, दोनला पेपर. कुणासाठी थांबायचं न्हाय. माज्यासाठीबी न्हाय."

शेवटचं वाक्य त्यांनी उगाच वजनासाठी जोडलं असावं.

मग राहिलेल्या पत्रिका त्यांनी स्वतः वाटल्या आणि दारोदार बजावलं की पत्रिकेवरचं 'ठीक दहा वाजता' म्हणजे दहा वाजताच. लोकांनी कौतुकानं ऐकून घेतलं आणि बाराला येतो म्हणून सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ताई पांढरी साडी नेसून राज्यशास्त्राच्या नोट्स वाचत बसली होती आणि आई तिच्या केसांत गजरा माळत होती. ताई पान उलटायला मान हलवायची आणि गजरा वाकडा व्हायचा. नवरदेवाकडची मंडळी आबांच्या धसक्यानं अर्धा तास आधीच हजर झाली. फक्त लग्न लावणारे बौद्धाचार्य आले नव्हते. ते बारामतीहून एसटीनं यायचे होते. एवढ्यात बातमी आली की काटेवाडीजवळ उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालीय आणि एसट्या तिच्यामागे अडकल्यात.

आबांनी त्यांच्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या चुलत्यांना, मोपेड काढायला लावली आणि त्यांच्यामागे बसून पाटाच्या कडेच्या वाटेनं ते बौद्धाचार्यांना आणायला निघाले. त्यांना जाताना पाहून मला हायसं वाटलं. आबा गेलेत म्हणजे वेळेवर येणार.

दहाला थोडा अवकाश असताना मोपेड परत आली. तिच्यावर चुलते होते आणि धुळीनं माखलेले बौद्धाचार्य होते. आबा नव्हते. मोपेडवर तिसरा माणूस बसला की उतरून मोपेडच ढकलावी लागते, त्यामुळे ते मागे थांबले होते. बौद्धाचार्य पाणी प्यायले आणि निरोप सांगायला संकोचले. मग म्हणाले, मास्तर चालत यायला लागलेत, आणि माझ्यासाठी थांबू नका असं त्यांनी दोनदा सांगितलंय.

ताईनं नोट्स मिटल्या. ती रस्त्याकडे बघत राहिली. थोडं थांबू या, असं ती हळूच म्हणाली. सगळे आईकडे बघायला लागले. आईनं जन्मात कधी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, घरात बघणारं माणूस होतं म्हणून. तिनं मामाला वेळ विचारली. मामा म्हणाला, दहा.

"आपुन थांबलो आन् पेपर हुकला," आई म्हणाली, "तर त्यो माणूस जलमभर सोताला माफ करायचा न्हाय. करा सुरू."

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, आम्ही मूठभर माणसांनी फुलांच्या पाकळ्या टाकल्या. पुढच्या रांगेत आबांची खुर्ची रिकामी होती. मांडवात बहुतेक सगळ्याच खुर्च्या रिकाम्या असल्यामुळे ती वेगळी दिसत नव्हती. आम्हाला मात्र दिसत होती. ताई रडली, तेव्हा सासरच्या बायकांना वाटलं ती माहेर सुटतंय म्हणून रडतेय.

लग्न लागल्या लागल्या मामाच्या जीपमधून ताई, नवरदेव आणि मी बारामतीकडे निघालो. कारखाना मागे टाकल्यावर रस्त्याच्या कडेनं आबा येताना दिसले. चपला हातात होत्या. एकीचा अंगठा तुटला होता. मामानं जीप थांबवली.

"लागलं?" आबांनी विचारलं.

"लागलं," मामा म्हणाला.

"येळंवर?"

"धाला."

आबांनी मान डोलावली. ताई उतरायला लागली तशी ते म्हणाले, "उतरू नगंस. पेपर हाय." मग ताईनं बसल्या जागेवरून त्यांचा हात धरला. तो घड्याळाचा हात होता, त्यामुळे किती वाजले ते त्यांना बघता येईना. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मागून एसटी येऊन भोंगा वाजवायला लागली तेव्हा तेच म्हणाले, "जा आता."

काटेवाडीची ट्रॉली तोवर बाजूला झाली होती. ताईनं पेपर दिला. आमचे दाजी लग्नाच्या कपड्यांत तीन तास कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होते. येणारे-जाणारे त्यांना काय झालं म्हणून विचारत होते. ताई पास झाली आणि पुढे शिक्षिकाही झाली.

इकडे पाहुणे ठरल्याप्रमाणे बाराला आले आणि लग्न कधी आहे ते विचारत जेवायला बसले. फोटोग्राफर त्यांच्याबरोबरच आला. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये ताईच्या लग्नाचे जे फोटो आहेत, त्यांत आबा पंगतीत बुंदी वाढताना दिसतात. नवरा-नवरी कुठंच नाहीत. त्या दिवसाचा ताईचा आणि आबांचा एकत्र असा फोटो नाही. आबा लग्नाबद्दल कुणाला सांगायचे तेव्हा वेळेवर लागलं, एवढंच सांगायचे. कसं लागलं ते त्यांना सांगता यायचं नाही. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ताईनं हार आधी घातला का दाजींनी. मी सांगितलं. त्यांनी परत कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी त्याच जागी मांडव घालून माझं लग्न झालं. पत्रिकेवर ठीक दहा वाजता असंच छापलं होतं. आबा सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. बौद्धाचार्यांची एसटी याही वेळी आली नाही. मामा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागला आणि आबांकडे बघायला लागला. आबांनी खुर्ची सोडली नाही. जाईल कुणीतरी, असं ते म्हणाले.

अकरा वाजून गेल्यावर बौद्धाचार्य आले आणि आबांची माफी मागायला लागले. "होऊ द्या की," आबा म्हणाले. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ घरी ठेवून आले होते. माझ्या लग्नाच्या एकूण एक फोटोत आबा आहेत.